नऊ गुंठ्यांचा एक आकडा

प्रवरेच्या तीरावरील मौजे बेलापूर येथे कोणी घर बांधावयाचे योजिले, म्हणजे त्या जमिनीच्या ओळखीचा ओनामा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होत असे. सात-बाराचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि हद्दीचे दगड यांचा मेळ घालून मालक शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बांधावर उभा राही, आणि मगच पायाची फक्की पडे. आता पुण्यात बसलेला वास्तुविशारद आपल्या संगणकावरील रेव्हिट वा स्केचअप यांसारख्या आज्ञावलीत उपग्रहाने मोजलेल्या उंचींची माहिती उतरवून घेतो, आणि ज्या शिवाराची माती त्याच्या पायाला कधी लागली नाही त्याचा चढउतार पडद्यावर हवा तसा फिरवून न्याहाळतो. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा माझा मानस नाही. परंतु तिच्यामुळे एक जुनाच प्रश्न नव्याने दाराशी येतो : क्षेत्र जाणणे म्हणजे काय?

या माहितीचा एक मोठा साठा फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांच्या रडार-मोजणीतून जमविला. पुढे आपल्या 'इस्रो'च्या कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या उपग्रहाने दोन कॅमेऱ्यांच्या साह्याने तशीच भर घातली. यांतील सर्वांस खुली असलेली माहिती साधारणतः ३० मीटरांच्या चौकोनास एक उंची देते. आपल्या हिशेबात गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा; तेव्हा असा एक चौकोन सुमारे नऊ गुंठ्यांचा झाला. त्या नऊ गुंठ्यांत विहीर असेल, बांधावरची बाभळ असेल, पाटाची चारी असेल. त्या सगळ्यांच्या वाट्याला आकडा एकच. शिवाय रडारची लहर जेथून परतते तेथलीच उंची सांगते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणामुळे हा मुलूख उसाचा झाला, आणि फेब्रुवारीत उभ्या उसात शिरलेली लहर पुरती मातीपर्यंत न पोचता काही अंशी पाचटातूनच माघारी फिरते.

हे दोष त्या शास्त्रज्ञांनी लपविले नाहीत. उंचीतील चूक बहुतांशी १६ मीटरांच्या आत राहावी, एवढीच प्रतिज्ञा त्या रडार-मोहिमेने केली होती, आणि प्रत्यक्षात चूक त्याहून पुष्कळच कमी निघाली. परंतु तीच माहिती आज्ञावलीत उतरली की बिंदूबिंदूंमध्ये त्रिकोण ताणले जातात, मधली रिकामी जागा अनुमानाने भरली जाते, आणि उंबऱ्याची उंची मिलिमीटरपर्यंत लिहून येते. कबुली मागे राहते, तोरा तेवढा पुढे येतो.

याच प्रवरेच्या काठी, बेलापूरच्या खालच्या अंगाला, नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचे विवरण केले. तिच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र म्हणजे शरीर, हे खरे. तथापि रूपक शेतावरूनच घेतलेले असल्यामुळे ते शेताकडे परत नेण्यात औचित्यभंग होत नाही. त्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना पहिला मान बुद्धीच्या तीक्ष्णतेला वा स्मृतीच्या विस्ताराला दिलेला नाही, तर अमानित्वाला, म्हणजे मोठेपणाची हाव नसण्याला, दिलेला आहे. आणि क्षेत्र हे सविकार, पालटणारे, म्हटलेले आहे. बेलापूरची काळी माती हेच सांगते : वैशाखात ती हात जाईल एवढी भेगाळते, श्रावणात फुगून भिंती उचलते, मग तिची खरी उंची कोणत्या महिन्यातली मानावयाची?

येथे कोणी म्हणेल की, बांधावर उभा राहणारा तरी कोठे सर्वज्ञ असतो? आक्षेप रास्त आहे. चाळीस वर्षे तीच जमीन कसणाराही पाणी कोणीकडे वळते ते विसरून ओढ्याच्या जुन्या वाटेवर घर घालतो, आणि आकाशातला आकडा तेवढी वाट अचूक दाखवून जातो. तेव्हा भेद दूरच्या आणि जवळच्या ज्ञानाचा नव्हे. स्वतःची चूक सोबत घेऊन येणाऱ्या आणि ती वाटेत टाकून येणाऱ्या ज्ञानाचा आहे.

पाया आखण्याच्या दिवशी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन येतो. एक टोक पोराच्या हाती देऊन तो दुसऱ्या खुंटाशी बसतो. नळीतले पाणी वरखाली होत असते, पोर घाई करते, "मामा, करा की खूण." मामा खडू हातात धरून पाणी ठरण्याची वाट पाहत बसून राहतो.