मुलांना धम्म वारशाने मिळतो काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांनी धम्म स्वतः निवडला. आपणही तो निवडला आहे. परंतु आपल्या घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाने काय निवडले? त्याच्या नावापुढे 'बौद्ध' हा शब्द आपण लिहविला. जन्मावरून माणसाची जागा ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली. मग जन्मावरूनच मूल बौद्ध कसे ठरते? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, कुशल काय नि अकुशल काय हे स्वतः जाणा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो बापाच्या शब्दालाही लागू पडतो. 'आपण बौद्ध, म्हणून वंदना म्हण' एवढ्यावरच जो थांबतो, तो मुलाच्या हाती एक नवी रूढी देतो.

मग मुलाला काहीच सांगू नये काय? तसे केले तर रिकाम्या जागी शेजारपाजारचे नवस, ताईत नि अंगारे येऊन बसतील. तथागत स्वतः पिता होते. राहुल लहान असताना त्यांनी भांड्यात थोडेसे पाणी ठेवले, ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ काय उरते ते दाखविले. पुढे त्यांनी राहुलाला पृथ्वीसारखे मन करावयास सांगितले. पृथ्वीवर शुद्ध टाका की अशुद्ध, तिला किळस येत नाही. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे ये आणि पहा. पाहावयाचे तर मुलाला घराबाहेर न्यावे लागते.

पण बाहेरची मोकळी जागा आपल्या लोकांना कधी मोकळी नव्हती. रान म्हणजे डोक्यावरची मोळी, शेत म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. मसूर स्टेशनहून बैलगाडीने गोरेगावला जाताना बाल भीमराव व त्यांच्यासोबतच्या मुलांजवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. ती मुले उपाशीच झोपली. पुढे २० मार्च १९२७ रोजी याच भीमरावांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. म्हणून सुटीच्या दिवशी मुलाला नदीकाठी नेणे यास कोणी चैन म्हणू नये. मिळविलेला हक्क वापरला तरच तो अंगवळणी पडतो.

गावात मुलांना सांगतात, 'तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ नको, तिथे मुंजा असतो.' आपण मुलाला त्याच पिंपळाखाली बसवावे. बुद्धगयेला अशाच झाडाखाली बसून एका माणसाने दुःखाचे कारण शोधले, हे सांगावे. मात्र मुंजाची भीती काढून तिच्या जागी झाडाचा नवस बसवू नये. झाड काही देत नाही. ते सावली देते, आणि तेवढ्यासाठी कृतज्ञता पुरेशी आहे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले ते माणसांना नि जनावरांना सावली मिळावी म्हणून.

पावसाळ्यात भिक्खू फिरतात तेव्हा हिरवे गवत नि बारीक जीव तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी वर्षावासाचा नियम घातला. वाटेवरची मुंग्यांची रांग ओलांडताना मुलाला हे सांगा. पहिले शील त्याला पाठ करण्याआधीच कळेल.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथे मुलाला घेऊन जा आणि विचारा, 'यात पांडव कोठे आहेत, शोध.' शिलालेखांत सातवाहनांची व क्षत्रपांची नावे आहेत, भिक्खुसंघाला दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, पण ही लेणी पांडवांची असल्याची नोंद नाही. लोक म्हणतात ते तपासून घ्यावे, हा कालामांना दिलेला धडा तेथे मुलाला आपोआप मिळतो.

यात एक धोका आहे, तो पत्करावा लागेल. तपासावयास शिकलेले मूल एके दिवशी आपल्यालाही तपासील. घरात दारू आहे काय, मुलीला मुलाइतकेच शिकविता काय, हे विचारील. त्या दिवशी रागावू नका. 'मी बौद्ध का?' असे ते विचारील तेव्हा 'तुझा बाप बौद्ध म्हणून' हे उत्तर पुरणार नाही. त्याने स्वतः पाहिले असेल, आणि घरात शील पाळलेले पाहिले असेल, तर उत्तर ते स्वतःच देईल. त्याची दीक्षा तेव्हा होईल.