चीज कुणाची?

मैफल सुरू होते. रागाचे नाव सांगितले जाते, ताल सांगितला जातो, साथीदारांची ओळख होते. चीज कुणी बांधली, ती गायकाकडे कुणाकडून आली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो. कार्यक्रमपत्रिकेवर 'पारंपरिक' एवढे छापले की सगळे निश्चिंत. रचनाकाराचे ऋण असे परस्पर बुडवणे अन्यायाचे आहे, आणि हा अन्याय आपण संगीतप्रेमीच रोज करतो.

जगतपुऱ्यासारख्या जयपूरच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे अधिक जाणवायला हवे, कारण महाराष्ट्राच्या गाण्यावर या शहराचे मोठे ऋण आहे. 1799 मध्ये हवामहल बांधणारे सवाई प्रतापसिंह स्वतः 'ब्रजनिधि' या नावाने पदे रचत. 'संगीतसार' हा मोठा ग्रंथ त्यांच्याच नावावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापून काढला पुण्याच्या गायन समाजाने. दरबारी पंडित आणि गुणीजनांच्या सभेतून तो सिद्ध झाला असे सांगतात. राजाचे श्रेय खोटे ठरवायचे कारण नाही. आश्रय त्यांचा होता आणि रसिकताही त्यांची. पण त्या सभेत बसून स्वर आणि श्रुती पारखणाऱ्यांपैकी किती नावे आज आपल्याला आठवतात?

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवर आपल्या पिढ्या वाढल्या. त्यांतला मोठा ठेवा जयपूरच्या मोहम्मद अली खाँकडून आला, आणि भातखंडे त्यांना गुरू मानत. पुस्तक उघडून चीज पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने खाँसाहेबांचे नाव सांगितले, तर धड्याची दोन मिनिटेही जाणार नाहीत. अल्लादियाखाँ जयपूरकडून कोल्हापुरात आले आणि त्यांची गायकी महाराष्ट्राची झाली. 'अहमदपिया' ही त्यांची मुद्रा, म्हणजे चिजेत गुंफलेले नाव. त्यांच्या घराण्यातल्या अनवट रागांपैकी जुने कोणते आणि खाँसाहेबांनी स्वतः घडवलेले कोणते, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मग मंचावरून तो मतभेदच सांगावा. श्रोत्याला तो पेलतो.

चिजेत मुद्रा आहे म्हणजे प्रश्न मिटला, असेही समजू नये. ख्यालाचे थोर रचनाकार सदारंग यांचे नाव घातले की चिजेला मान मिळे, म्हणून पुढच्यांनीही ते घातले. आपल्याकडे नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या दुसऱ्या कवीचे अभंग मिसळले, ते वेगळे काढताना अभ्यासकांची दमछाक झाली. थोराच्या नावावर चुकीने जमा झालेली प्रत्येक रचना कुणातरी लहान माणसाच्या खात्यातून गेलेली असते. तो लहान माणूस बहुधा गरीब, बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा, किंवा कोठीवर गाणारी बाई. तिच्या गळ्यात घडलेली ठुमरी आपण घेतली आणि तिचे नाव उच्चारायला लाजलो. या लाजेमागे कोणते पावित्र्य होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

युरोपातही रचनांच्या तारखा आणि कर्ते असेच अनिश्चित राहिले. क्लॅरिनेट हे वाद्य नवे असताना त्यासाठी लिहिलेले सर्वांत जुने कॉन्चेर्तो योहान मेल्खिओर मोल्टरचे मानले जातात. त्यांचा काळ अठराव्या शतकाचे पाचवे दशक, तोही अंदाजाने. स्टामिट्झ घराण्यात तर बाप आणि दोन मुलगे, तिघेही रचनाकार. नुसत्या आडनावाने तिथे काहीच ठरत नाही. हायडनच्या नावावर दीडशेहून अधिक वर्षे मिरवलेली सहा क्वार्टेट हॉफस्टेटर नावाच्या एका साधूची असावीत, हे 1960 च्या दशकात पुढे आले. पॅरिसच्या प्रकाशकाच्या छपाईच्या पत्र्यावर त्याचे खोडलेले नाव अभ्यासकांना दिसले होते. तिथल्या अभ्यासकाची एक सवय आपण उचलावी. तारीख पक्की नसेल तर तो 'सुमारे' लिहितो, कर्ता पक्का नसेल तर 'संशयास्पद' लिहितो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

ही शिस्त आपल्याला परकी आहे असेही नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ज्यांची स्वतःची प्रतिभा एवढी मोठी, त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात आपला शब्द मिसळू दिला नाही.

कुणी म्हणेल, नाव सांगितल्याने गाणे अधिक गोड होते का? गोडी तेवढीच राहील. गाणाऱ्याची नियत मात्र स्वच्छ होईल.

म्हणून गाणे शिकणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि कार्यक्रम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. वहीत चीज उतरवताना ती कुणाकडून, कुठे, कोणत्या साली मिळाली हे शेजारी लिहा. गुरूला कर्ता ठाऊक नसेल तर 'कर्ता अज्ञात' असे लिहा. अंदाजाने थोर नाव चिकटवू नका. जयपुरात राहणाऱ्या मराठी घरांनी इथल्या जुन्या उस्तादांच्या वंशजांकडे जावे, त्यांच्या आठवणी त्यांच्याच नावाने नोंदवून घ्याव्यात आणि नोंदीची एक प्रत त्यांच्या घरी ठेवावी. आयोजकांनी पुढच्या मैफलीपासून रागाच्या नावाखाली रचनाकाराचे नाव छापावे.