सेवा की उधारी?

आपल्या धर्मग्रामातील क्राफ्ट सरांना देवाघरी जाऊन महिना उलटला. शाळेत त्यांनी ३१ वर्षे सुतारकाम शिकवले. निवृत्त झाले तरी हातातला रंधा सुटला नाही. त्यांचे खरे नाव अनेकांना अंत्यविधीच्या दिवशीच कळले असेल, इतका 'क्राफ्ट सर' हा शब्द आपल्या तोंडी बसला होता.

महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही काही जण त्यांच्या घरी गेलो. काकींनी चहा दिला आणि सरांची एक लांबट वही आमच्यापुढे ठेवली. सरांनी केलेल्या प्रत्येक कामाची तीत नोंद होती. चर्चची बाके, वाचनपीठ, पापनिवेदनाची जाळी, नाताळचा गोठा, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीचा क्रूस. लाकूड कोणते, किती फूट, खिळे किती, सरस किती, सारे नीटनेटके लिहिलेले. फक्त रकमेचा रकाना पानोपान कोरा. शेवटच्या पानावर 'घरची कामे' असा मथळा होता आणि त्याखाली एकच ओळ : मागच्या दाराची चौकट, वाळवी लागली आहे.

आम्ही उठून मागचे दार पाहिले. चौकट तशीच होती. बोटाने दाबली तर भुसा गळला.

काकींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "अकरा वर्षं झाली. मी म्हणायची, अहो, एवढं एक करा. ते म्हणायचे, आधी देवाचं होऊ दे." मग हसून म्हणाल्या, "पण नातवंडांचे पाळणे मात्र कधी राहिले नाहीत हो. तिघांचे तीन केले. एकाच्या पाळण्याला दुसरा हात लावायचा नाही." घरात कुणाचा वाढदिवस आला की आठ दिवस आधी पडवीतून रंध्याचा आवाज येऊ लागायचा, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. माणूस घरावर जीव टाकणारा होता. तरीही घरची चौकट राहिली आणि आपली बाके झाली.

त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. सरांनी आपल्याला दिले ती सेवा होती, की आपण केलेली उधारी?

कुणी म्हणेल, असा हिशेब मांडणे म्हणजे त्या माणसाचा अपमान. त्यांनी आनंदाने दिले. एकदा खजिनदारांनी पाकीट पुढे केले तेव्हा सरांनी ते हात जोडून परत केले, हे आमच्यासमोरच घडले आहे. यात तथ्य आहे. दानाला किंमत लावली की ते दान उरत नाही. पण पुढचेही आठवू या. त्या एका नकारानंतर आपण पुन्हा कधी विचारले का? मजुरी नको म्हणाले, ठीक. पण खिळे, सरस, काचपेपर, पॉलिश यांचे पैसे त्यांच्या पेन्शनीतून जात होते. ते तरी आपण विचारले का? नाही. एकदा मिळालेला नकार आपण कायमची सवलत समजून वापरला.

संत पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत असे. करिंथकरांना लिहिताना तो आधी सविस्तर सांगतो की, शुभवर्तमान सांगणाऱ्याला त्यावर उपजीविका करण्याचा हक्क आहे. त्यानंतर तो म्हणतो की, हा हक्क मी वापरला नाही. हा क्रम फार मोलाचा आहे. हक्क सोडायचा तर तो आधी मान्य झालेला असावा लागतो, आणि सोडण्याचा अधिकार देणाऱ्याचा असतो. घेणाऱ्याने परस्पर 'ही तर सेवाच' असे ठरवून टाकले, तर दान देण्याचा आनंदही आपण त्या माणसाकडून काढून घेतो. उरते ती फक्त सवय.

मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, असे अनुवादाच्या पुस्तकात मोशेचे नियमशास्त्र बजावते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात, कामाचे मोल प्रथम ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, असे शिकवले. म्हणजे बाक पाहताना बाक करणारा दिसला पाहिजे. आपण वर्षानुवर्षे त्या बाकांवर बसलो. सर गुडघ्यांच्या दुखण्याने घरी बसले, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्याकडे गेले? आम्ही स्वतः दोनदाच गेलो. त्यातले एकदा बाकाचा पाय हलत होता म्हणून.

पैशाने फिटणारे देणे कदाचित थोडेच असेल. विचारपूस, वेळ, आणि 'सर, यंदा गोठा आम्ही करतो, तुम्ही नुसते बसून सांगा' असे एक वाक्य, एवढे देणे मात्र नक्की होते. ते आता त्यांना देता येणार नाही. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, मिस्सा अर्पण करतो, ते योग्यच आहे. पण काही देणी मेणबत्तीने फिटत नाहीत. ती जिवंतांच्या दारात जाऊन फेडावी लागतात.

येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण साजरा करू. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. नाझरेथच्या लोकांनी येशूला सुतार म्हणून हिणवले, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. त्या घरातही लाकडाचे काम होते, लोकांची कामे होती. योसेफाला त्याची मजुरी वेळेवर मिळत असेल का, असा विचार यंदाच्या सणाला आपल्या मनात येवो. आणि त्याबरोबर आजूबाजूलाही पाहू या. वेदीची फुले कोण आणते? गायनमंडळाच्या मुलांना कोण शिकवते? दफनभूमीतले गवत कोण काढते? त्यांना आपण शेवटचे कधी विचारले?

सरांचे काही विद्यार्थी येत्या शनिवारी त्यांच्या मागच्या दाराची चौकट बदलणार आहेत. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी सकाळी आठला यावे. लाकूड आणि सामान धर्मग्रामाच्या निधीतून घ्यावे, असे ठरले आहे. काकींची परवानगी घ्यायला गेलो तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "करा. पण कुसू खाचेत घट्ट बसवा हो, नाहीतर ते वरून ओरडतील."

प्रभू सरांना चिरशांती देवो, आणि आपल्याला वेळेवर विचारण्याची बुद्धी देवो.