“एवढे काही चढणार नाही”

२६ जुलै २००५ च्या दुपारी कुर्ल्यातील आमच्या इमारतीच्या अंगणात घोटाभर पाणी साचले, तेव्हा तळमजल्यावरील मावशींनी मला विचारले, “बाबा, सामान वर न्यायचे का?” मी जिन्यावरूनच उत्तर दिले, “एवढे काही चढणार नाही, मावशी.” त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली. संध्याकाळी मावशींना आम्ही उचलून वर आणले. त्यांच्या संसारातले काहीच वर आले नाही.

न समजणे हा दोष आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

त्याआधी बरोबर सात महिने, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्राजवळील भूकंपाने उठलेल्या त्सुनामीने दोन लाखांहून अधिक माणसे नेली. वेलंकणीला नाताळासाठी गेलेले कित्येक यात्रेकरू त्या सकाळी किनाऱ्यावर होते. मंदिर वाचले हे आपण मोठ्याने सांगतो. मृतांविषयी बोलताना मात्र आपला आवाज उतरतो, जणू त्यांच्या श्रद्धेतच काही उणे होते. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक अपराधी होते काय, हा प्रभू येशूचा प्रश्न अशा वेळी नेमका विसरला जातो.

ते यात्रेकरू निर्दोष होते. खोल समुद्रात त्सुनामीची लाट बहुधा मीटरभरही उंच नसते. ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने ती होडीखालून निघून जाते आणि नावाड्याला पत्ताही लागत नाही. उथळ पाण्यात तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. कित्येक ठिकाणी समुद्र आधी मागे हटतो आणि लोक कुतूहलाने पुढे जातात. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे केंद्र २००७ साली सुरू झाले.

अज्ञानाचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस यांनी भेद केला आहे. एक अज्ञान प्रयत्न करूनही दूर होत नाही. दुसरे असे, की जे जाणून घेण्यास माणूस बांधील असतो, तेच तो जाणून घेत नाही. या दुसऱ्याला ते पाप मानतात.

आपण मुंबईकर कोणत्या प्रकारात मोडतो? २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यालगत भूकंप झाला आणि सकाळी सुमारे दोन मीटर उंचीची लाट मुंबईला येऊन थडकली. सुमारे पंधराजण दगावले. आजोबांच्या काळातील ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते? आणि मिठीकाठच्या आम्हा लोकांना तर समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही. घनमीटरभर पाण्याचे वजन एक टन भरते, गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला आडवे करते, भरतीच्या वेळी माहीमच्या खाडीत नदीचा निचरा होत नाही. यातले मला काय ठाऊक नव्हते?

खरे सांगायचे तर माझे अज्ञान सोयीचे होते. मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. पाण्याचा अंदाज मी बांधला, किंमत मावशींनी मोजली.

मावशींनी मला कधी बोल लावला नाही. “तुला तरी काय ठाऊक, बाबा,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि ती क्षमा मला घेता आली नाही. पुढच्या जुलैत पाणी साचू लागताच त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी काही न बोलता खाली उतरलो आणि त्यांच्या ट्रंकेची एक कडी धरली.