पुढे जाऊ देणारा गुरू



आपल्या धर्मग्रामाचा क्रीडादिन जवळ आला आहे. संध्याकाळी चर्चच्या मैदानावर धूळ उडू लागली आहे आणि घरोघरी एकच चर्चा आहे : यंदा रिलेची ढाल कोणत्या आळीत जाणार? ही चुरस आपल्याला हवीच आहे. तिच्याशिवाय मैदानाला रंगत नाही. पण गेल्या वर्षी काय झाले तेही आपण विसरलेलो नाही. रिलेच्या शेवटच्या फेरीत धक्का लागला, शब्दाने शब्द वाढला आणि दोन आळ्यांतील मुले पुढे कित्येक रविवार मिस्सात शांतीचे चिन्ह देताना एकमेकांकडे पाहीनाशी झाली. मुलांनाच दोष का द्यावा? पंचांच्या टेबलाभोवती ओरडत होतो ते आपण मोठेच होतो.

म्हणून आज आपण दूरच्या एका गावातील मैदानाकडे पाहू या. आफ्रिकेतील केनिया देशात, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर सुमारे २४०० मीटर उंचीवर इटेन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे संत पॅट्रिक यांच्या नावाची मुलांची शाळा आहे. १९७६ साली आयर्लंडहून कोम ओ'कॉनेल नावाचे पॅट्रिशियन संघाचे एक तरुण ब्रदर तेथे भूगोल शिकवायला आले. फार काळ राहण्याचा त्यांचा बेत नव्हता. धावण्याच्या शिक्षणाचा त्यांना अनुभवही नव्हता. पण शाळेतील मुलांना धावायला शिकवणारे शिक्षक मायदेशी परतले आणि ते काम ब्रदरांकडे आले. पुस्तकी ज्ञान नव्हते, म्हणून मुलांकडे पाहत, त्यांचे ऐकत ते स्वतःच शिकत गेले. पुढे ते त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. सुट्टीत शिबिरे भरवून त्यांनी मुलींनाही शिकवले. थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा त्या गावचाच होऊन गेला.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या पीटर रोनोने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९९२ साली बार्सिलोना येथे मॅथ्यू बिरिरने अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. विल्सन किपकेटर हा त्यांचा आणखी एक विद्यार्थी. तो पुढे डेन्मार्कतर्फे धावला आणि १९९७ साली त्याने ८०० मीटर अंतर १ मिनिट ४१.११ सेकंदांत कापले. हा जागतिक विक्रम तेरा वर्षे टिकला. २०१० साली तो मोडला. कोणी मोडला? डेव्हिड रुडिशाने, म्हणजे त्याच ब्रदरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने!

बंधुभगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबू या. पहिल्याचा विक्रम जपायचा म्हणून गुरूने दुसऱ्याला हात राखून शिकवले असते, तर? आपण मात्र असे पुष्कळदा करतो. आपल्या आळीचे नाव वर राहावे म्हणून दुसऱ्या आळीतील गुणी मुलाच्या पाठीवर थाप मारायची राहून जाते. संत योहान बाप्तिस्माने आपले शिष्य येशूच्या मागे जाताना पाहिले. त्याला मत्सर वाटला नाही, आनंद झाला. आपल्या मागून येणारा मोठा व्हावा आणि आपण लहान व्हावे, हे त्याने मनापासून स्वीकारले. खरा गुरू ओळखण्याची हीच खूण आहे.

चुरशीविषयीही एक गोष्ट ध्यानात घेऊ या. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत रुडिशा सुरुवातीपासून पुढे राहिला आणि १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा नवा विक्रम करून जिंकला. त्या दिवशी आठवा, म्हणजे सर्वांत शेवटी आला तो ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी. त्याची वेळ होती १ मिनिट ४३.७७ सेकंद. तोवरच्या त्याच्या आयुष्यातील ती सर्वोत्तम धाव होती. त्याआधीच्या तीन ऑलिम्पिकमध्ये एवढ्या वेळेत सुवर्णपदक मिळाले असते! पुढच्याने वेग वाढवला म्हणून मागचेही वाऱ्यासारखे धावले. प्रतिस्पर्धी हा आपला वैरी नसतो. आपल्यातील उत्तम ते बाहेर काढायला देवाने पाठवलेला तो सोबती असतो.

करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहिताना संत पौल शर्यतीचाच दाखला देतो. मैदानावरचा पानांचा मुकुट सुकून जातो आणि तो एकालाच मिळतो. प्रभू देतो तो मुकुट सुकत नाही. शेजाऱ्याला तो मिळाला म्हणून आपला कमी होत नाही. मग एकमेकांना पाडून धावण्याचे कारणच काय?

इटेनच्या त्या शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावाची झाडे लावलेली आहेत. २०१९ साली जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ब्रदर कोम यांना प्रशिक्षक म्हणून गौरवले. गौरव योग्यच होता. पण ब्रदरांचा खरा सत्कार त्या सावलीत आहे, असे आम्हांला वाटते. आपल्या वाडीत आंबा लावणारा आजोबा स्वतःसाठी थोडाच लावतो?

आपल्याही मैदानावर वर्षानुवर्षे गळ्यात शिटी अडकवून उभे राहिलेले सर आहेत. आपण सगळे आणि आता आपली मुलेही त्यांच्या हाताखाली धावली. गेल्या वर्षीच्या भांडणात ते दोन्ही आळ्यांच्या मुलांच्या मध्ये उभे राहिले आणि नंतर एकटेच मैदानावरच्या खुर्च्या आवरत होते. त्यांना साधे ‘देव बरे करो’ म्हणायलाही कोणाला सुचले नाही. माणूस गेल्यावर फुले वाहण्यापेक्षा तो असताना त्याचे हात हातात घेणे बरे.

म्हणून यंदा पहिली शर्यत सुरू होण्यापूर्वी सरांच्या हस्ते चर्चच्या आवारात एक झाड लावू या. खड्डा त्याच दोन आळ्यांच्या मुलांनी मिळून खणावा. आणि त्याआधी, आजच्याच मिस्सात, शांतीचे चिन्ह देताना आपण मोठ्यांनी पहिले पाऊल टाकू या. ढाल कोणत्याही आळीत जावो, सावली सर्वांनाच मिळेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.