परावलंबन हा दोष आहे का?

मुलाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा मराठी घरातला जुना आशीर्वाद. परावलंबी म्हणवून घेणं कुणालाच आवडत नाही. पिकांच्या मुळांत राहणारी एक बुरशी मात्र या समजुतीचा फेरविचार करायला लावते.

मायकोरायझल बुरशी हे तिचं नाव. शेतात सर्वाधिक आढळणारा तिचा प्रकार जिवंत मुळाशिवाय जगतच नाही. साखर आणि स्निग्धांश तिला झाडाकडून मिळतात. त्या बदल्यात मुळं जिथवर पोचत नाहीत तिथलं स्फुरद ती आणून देते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथे सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही सोबत दिसते.

जिवंत मुळाशिवाय जगत नसल्यामुळे ही बुरशी वाढवायची तर आधी यजमान झाड पोसावं लागतं. अमेरिकी कृषी संशोधन सेवेतल्या डेव्हिड डाउड्स यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल इन्स्टिट्यूटच्या साथीने शेतकऱ्याला जमेल अशी पद्धत बसवली. कंपोस्ट आणि व्हर्मिक्युलाइट कालवून पिशव्या भरायच्या आणि बुरशी लागलेली बाहिया गवताची रोपं त्यांत लावायची. हे गवत उष्ण प्रदेशातलं. पेनसिल्व्हेनियातल्या हिवाळ्यात ते मरतं. बुरशी मुळांच्या तुकड्यांत आणि बीजाणूंत तग धरते. वसंतात ते मिश्रण रोपांच्या मातीत घालतात.

मग नुसतं कंपोस्टच का भरत नाहीत? कारण स्फुरद मुबलक झालं की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. गरज सरली की नातं विरतं.

हा तर स्वार्थ, असं कुणी म्हणेल. संशोधक टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला झाड जास्त कर्ब देतं, बुरशीही सढळ मुळांकडे जास्त स्फुरद वळवते. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञही परस्परांच्या पोषणाचाच आहे. देव आणि माणसं एकमेकांना वाढवतात, आणि मिळालेलं परत न देता भोगणारा तिथे चोर ठरतो. घेणं तिथे पाप नाही. न फेडणं आहे. या कसोटीवर पूर्णपणे परावलंबी असलेली ही बुरशी निर्दोष ठरते.

कसोटी माणसालाही लागू आहे. बुरशीचं देणं शेतकऱ्यानेही फेडावं. स्फुरदाची पोती टाकण्याआधी त्याने माती तपासून घ्यावी. ओल असेल तिथे दोन पिकांच्या मधल्या काळात ज्वारी, मका किंवा ताग पेरावा, म्हणजे बुरशीला जिवंत मूळ मिळतं. मोहरी, कोबी आणि पालक मात्र तिला आसरा देत नाहीत.