किंमत कुणी लावली, फेडायची कुणी?

३१ जानेवारी २०११. इंग्लंडमधली ट्रान्स्फर विंडो बंद व्हायला काही तास उरले होते. लिव्हरपूलने फर्नांडो टोरेसला पाच कोटी पौंडांना चेल्सीला विकलं आणि त्याच्या जागी न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलला साडेतीन कोटींना घेतलं. कॅरोल तेव्हा बावीस वर्षांचा होता. प्रीमियर लीगमध्ये नियमित खेळण्याचा त्याचा हा पहिलाच सीझन, त्यात मांडीच्या दुखापतीने तो बसून होता. तरी त्या रात्री तो तोवरचा सगळ्यात महाग ब्रिटिश फुटबॉलपटू ठरला. लिव्हरपूलकडून त्याने ५८ मॅचमध्ये ११ गोल केले. मग क्लबने त्याला वेस्ट हॅमला आधी उसना दिला आणि पुढच्या वर्षी दीड कोटीला कायमचा. फसलेल्या सौद्यांची कुठलीही यादी आजही निघाली की त्यात त्याचं नाव असतंच.

मी लिव्हरपूलचा चाहता आहे, आणि आमच्यात कॅरोल हे आता विशेषनाम राहिलेलं नाही. नवा स्ट्रायकर आला आणि पहिल्या चार मॅचमध्ये गोल झाला नाही की कुणीतरी म्हणतंच, "हा पण कॅरोल निघणार."

त्या साडेतीन कोटींमागचा हिशोब क्लबचे मालक जॉन हेन्री यांनी नंतर एका मुलाखतीत सांगून टाकला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न फक्त फरकाचा होता. टोरेसचे येणारे पैसे आणि कॅरोलचे जाणारे पैसे यांत दीड कोटीचं अंतर राहिलं की झालं. न्यूकॅसलने दोन कोटी मागितले असते तर चेल्सीला साडेतीन पडले असते. अडीच मागितले असते तर चार. न्यूकॅसल साडेतीनवर अडून बसलं, म्हणून चेल्सीचे पाच झाले. म्हणजे कॅरोलच्या अंगावर आयुष्यभरासाठी चिकटलेल्या त्या आकड्यात त्याच्या हेडरची, वेगाची, वयाची मोजदाद जवळजवळ नव्हतीच. चेल्सीच्या मालकाची तिजोरी किती खोल आहे आणि न्यूकॅसलला ते किती नेमकं माहीत आहे, एवढंच त्यात होतं. खुद्द कॅरोलचं म्हणणं होतं की त्याला न्यूकॅसल सोडायचंच नव्हतं. क्लबचं म्हणणं, त्यानेच ट्रान्स्फरची विनंती केली. यात खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण किंमत ठरवणाऱ्या खोलीत तो नव्हता एवढं नक्की.

हे समजायला फुटबॉलच बघायला हवं असं नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने राइट टू मॅच वापरायचं ठरवलं. नियमानुसार लखनौला बोली वाढवायची एक संधी मिळाली आणि दिल्लीने नाद सोडावा म्हणून त्यांनी थेट २७ कोटी म्हटलं. मधल्या त्या क्षणभरात पंतच्या बॅटिंगमध्ये सव्वासहा कोटींची सुधारणा झाली नव्हती. पण २०२५च्या सीझनमध्ये त्याच्या २६९ धावा झाल्या, त्यातल्या ११८ शेवटच्या एका मॅचमध्ये, तेव्हा घरोघरी भागाकार झाला: एक रन दहा लाखांना. माझ्या ऑफिसात तर हा भागाकार अशा लोकांनी केला ज्यांना स्वतःच्या पगाराला लिहिलेल्या ओळींनी भागलेलं अजिबात आवडणार नाही.

भागाकार चुकीचा नाही. भाजक आणि भाज्य दोन्ही खरे आहेत. मला खटकतं ते त्यातून निघणारं वाक्य: "एवढे पैसे घेतले आणि काय दिलं?" घेतले कुणी? फुटबॉलमध्ये तर ट्रान्स्फरची रक्कम एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते, खेळाडूला मिळतो तो पगार. तो भरपूर असतो, त्यावर पुढे बोलू. पण आपण टोमणा मारतो तो ट्रान्स्फरच्या आकड्याचा, कारण तोच हेडलाइनमध्ये असतो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हा प्रकार परका नाही. सेल्सवाला क्लायंटला सांगून येतो की सहा आठवड्यांत देतो. मग ते सहा आठवडे ज्याला कुणी विचारलंही नव्हतं त्या पोराच्या नावावर लागतात, आणि नवव्या आठवड्यात "तुझा एस्टिमेट चुकला" असं त्यालाच ऐकवलं जातं. एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळायचा आणि पाळला गेला नाही तर लाजही दुसऱ्यानेच वाटून घ्यायची. ट्रान्स्फरची किंमत हा असाच शब्द आहे. खरेदी करणारा चाहत्यांना तो देतो आणि खेळाडूच्या पाठीवर छापतो.

मला वाटतं "हा चालेल का?" या एका प्रश्नात आपण तीन वेगळे प्रश्न कोंबतो. क्लबने तेव्हा हातात असलेल्या माहितीवर शहाणपणाने निर्णय घेतला का? पुढे निकाल चांगला लागला का? आणि तो माणूस त्याच्या हातात होतं तेवढं नीट वागला का? पहिल्या दोघांत गल्लत होते हे आता बहुतेकांना मान्य असतं. तिसऱ्याकडे कुणी वळत नाही, आणि शिव्या मात्र त्याच्याच नावाने दिल्या जातात.

१९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच परिसंवादात 'मॉरल लक'वर निबंध वाचले. नेगलच्या निबंधातला ट्रक ड्रायव्हर असा: त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवं आलं नाही तर तो किरकोळ निष्काळजी, आलं तर त्याच्या हातून बालहत्या. निष्काळजीपणा दोन्हीकडे तेवढाच. आपण मात्र दोघांना सारखं तोलत नाही, आणि तोलायला हवं असं ठामपणे म्हणायलाही जीभ रेटत नाही. नशिबाचा भाग वजा करत गेलं की शेवटी माणसाच्या पदरात दोष किंवा श्रेय द्यायला काही उरतं का, अशी नेगलची खरी चिंता आहे.

फुटबॉलमध्ये ही वजाबाकी करून बघायला एक सोयीचा महिना आहे, जानेवारी २०१४. त्या महिन्यात चेल्सीने केव्हिन डी ब्रॉयनला वोल्फ्सबर्गला विकलं आणि बासेलहून मोहम्मद सलाहला आणलं. सलाहला चेल्सीकडून लीगमध्ये १३ मॅचमध्ये २ गोल जमले. मग इटली, आणि २०१७मध्ये लिव्हरपूल. तिथे पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३२ गोल, ३८ मॅचच्या सीझनमधला तेव्हाचा विक्रम. डी ब्रॉयन मँचेस्टर सिटीत जाऊन त्या पिढीतला सर्वोत्तम मिडफिल्डर झाला. आता २०१४मधला सलाह "फ्लॉप" होता का? तो तोच माणूस होता, तोच डावा पाय. टीम वेगळी, कोच वेगळा, मैदानावरची मिनिटं थोडी. यश हा खेळाडूचा गुणधर्म असल्यासारखं आपण बोलतो, उंची किंवा रक्तगट असावा तसं. खरं तर तो एका नात्याचा गुण आहे. लग्न मोडलं तर "मुलगी फ्लॉप निघाली" म्हणणारे नातेवाईक असतात, त्यांच्याबद्दल आपलं मत काय असतं ते आठवावं.

इथे कुणीतरी गीता काढणार हे ठाऊक आहे. कर्म करावं, फळावर हक्क सांगू नये. पण तो उपदेश करणाऱ्याला आहे. रात्री दीड वाजता सोफ्यावर बसून फळाची वाट बघणाऱ्याला तिथे काहीच सांगितलेलं नाही, आणि आमची अडचण नेमकी तीच आहे. चाहत्याने फळ बघायचं नाही तर बघायचं काय? स्कोअरबोर्ड झाकून फुटबॉल बघता येत नाही.

म्हणून चाहत्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आठवड्याचा पगार लाखो पौंडांत घेणाऱ्याबद्दल फार हळहळायचं कारण नाही, हे मला पटतं. पण मग पगाराच्या बदल्यात त्याचं देणं काय? विन्स्टन बोगार्डचं प्रकरण मला यासाठी आवडतं. २००० साली चेल्सीने त्याला बार्सिलोनाहून फुकट आणलं, चार वर्षांचा करार, आठवड्याला चाळीस हजार पौंड. काही आठवड्यांत कोच वियालीला काढलं. नव्या कोचला बोगार्ड नको होता. क्लबला तो जायला हवा होता. तो गेला नाही. चार वर्षांत ११ मॅच, बाकी काळ रोज ट्रेनिंगला हजेरी. करार संपला तेव्हा गेला. इंग्लिश पेपरांनी त्याला लोभाचा पुतळा केलं.

त्याने काय चूक केली? क्लबने शब्द दिला होता, त्याने तो धरून ठेवला. आपल्याकडे प्रोजेक्ट बंद पडून बेंचवर गेलेल्या माणसाकडे एचआर प्रेमाने राजीनामा मागतं तेव्हा आपण त्याला काय सांगतो? "तू नको देऊ. त्यांना काढायचं तर काढू दे." चहाच्या टपरीवर हे सांगणारे आणि बोगार्डला हसणारे बरेचदा तेच असतात. हा, एक फरक आहे. खेळाडूची वर्षं मोजकी असतात आणि न खेळता ती घालवणं हे खेळावर प्रेम नसल्याचं लक्षण वाटतं. पण प्रेम नसणं हा करारभंग नाही.

याच्या उलट अलेक्झांडर आयझॅक. २०२५च्या उन्हाळ्यात न्यूकॅसलशी त्याचा तीन वर्षांचा करार बाकी होता. त्याला लिव्हरपूलला जायचं होतं. आपल्याला दिलेली आश्वासनं मोडली गेली असं त्याने जाहीर लिहिलं आणि सीझन सुरू झाला तरी तो न्यूकॅसलकडून उतरला नाही. १ सप्टेंबरला, पुन्हा विंडोच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा न्यूकॅसलहून लिव्हरपूलला, साडेबारा कोटी पौंडांचा नवा ब्रिटिश विक्रम करून तो आला. करार तंतोतंत पाळणारा बोगार्ड निर्लज्ज, आणि करार चालू असताना खेळायला नकार देणारा आमच्यासाठी "जिद्दी". न्यूकॅसलच्या लोकांनी त्याला दुसरं काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयझॅकच्या बाजूनेही बोलता येतं. इंग्लंडमध्ये १९६३पर्यंत, जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसलविरुद्ध (हो, तेच) कोर्टात जिंकेपर्यंत, करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. करार संपला की फी न देता दुसरीकडे जाण्याचा हक्क युरोपात बॉस्मन निकालानंतर आला, म्हणजे १९९५च्या डिसेंबरात. ज्या धंद्यात ताळेबंदावर माणसाची नोंद मालमत्ता म्हणून होते आणि दरवर्षी तिच्यातून घसाऱ्यासारखी वजावट होते, तिथे मालमत्तेने कधीतरी आडमुठेपणा करावा हे मला समजू शकतं. पण आमच्या ग्रुपवर त्या उन्हाळ्यात यावर चार ओळी झाल्या नाहीत. झाली ती चर्चा एकच: किती गोल मारेल.

आणि गोल मारले की काय काय पचतं, त्याला सुआरेझ साक्षी आहे. त्याच २०११च्या जानेवारीत, कॅरोलच्या सावलीत, सव्वादोन कोटींच्या आसपास आलेला. त्याच वर्षी डिसेंबरात पॅट्रिस एव्राला वंशवाचक बोलल्याबद्दल त्याच्यावर आठ मॅचची बंदी आली, तेव्हा लिव्हरपूलचे खेळाडू विगनच्या मैदानावर त्याचं चित्र असलेले टीशर्ट घालून उतरले. एप्रिल २०१३मध्ये तो इव्हानोविचला चावला, दहा मॅचची बंदी. २०१३-१४मध्ये लीगमध्ये ३१ गोल. आमच्या वहीत हा शतकातल्या सर्वोत्तम सौद्यांपैकी एक आहे. त्या टीशर्टबद्दल जेमी कॅरागरने २०१९मध्ये टीव्हीवर एव्राची माफी मागितली. मधली आठ वर्षं, सौदा यशस्वी ठरल्यामुळे, तो प्रश्न कुणाला फारसा टोचला नाही. कॅरोल काही संत नव्हता. पण लिव्हरपूलच्या शर्टात त्याच्या नावावर असलेला मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे गोल कमी पडले. या दोघांपैकी कुणाचं नाव शिवी म्हणून वापरलं जातं?

यावर मित्र म्हणतात, तू मजा घालवतोस. असेलही. निराश व्हायचा हक्क मी सोडलेला नाही. आयझॅकने मोकळ्या गोलसमोर बॉल बाहेर मारला तर मीही उशी फेकणार. फक्त ती निराशा एका वीस-बावीस वर्षांच्या पोराने मला फसवलं अशा रागात बदलते ना, तो सांधा मला खोटा वाटतो. त्याने मला काही कबूल केलं नव्हतं. ज्यांनी केलं होतं ते मालक, डायरेक्टर, एजंट पुढच्या विंडोत नवा आकडा घेऊन हजर असतात आणि आम्ही पुन्हा रात्री जागून "हिअर वी गो"ची वाट बघतो.

कॅरोल खेळत राहिला. वेस्ट हॅम, पुन्हा न्यूकॅसल, मग छोटे छोटे क्लब, फ्रान्समधलं अमियाँ. सप्टेंबर २०२४मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो बोर्दोला गेला. फ्रान्सचा एकेकाळचा चॅम्पियन क्लब, दिवाळं वाजून थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये पडलेला. ही बातमी मी ग्रुपवर टाकली. एकाने विचारलं, "कितीला?" मी लिहिलं, काही नाही, फ्री. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि पाच मिनिटांनी परत आर्सेनलच्या नव्या विंगरवर सुरू झालं.